स्कोअरबुकात न मावलेला कर्नल

मागच्या संक्रांतीला रूममेटच्या गावी, शेळगावला गेलो होतो. गावात टेनिस बॉलचे सामने भरले होते. माझी बॅटिंग सगळ्या हॉस्टेलला माहीत असल्यामुळे मला टीममध्ये घ्यायचा विषय कोणी काढलाच नाही, पण हा कॉन्व्हेंटचा आहे म्हणजे अक्षर तरी चांगलं असणार अशी समजूत करून घेऊन माझ्या हातात स्कोअरबुक देण्यात आलं. मैदान मुरमाचं, आणि पलीकडे उभा ऊस. बॉल उसात गेला की सहा रन आणि वर दहा मिनिटं ब्रेक!

मी ज्या मॅचचा स्कोअर लिहीत होतो ती मॅच चार रननी सुटली. मॅन ऑफ द मॅच अर्थातच ३१ रन काढणाऱ्याला मिळालं. मंडप उठायच्या वेळेला रूममेटचे आजोबा माझ्याजवळ आले आणि कव्हरला उभा असलेला बारका पोरगा कुठे लिहिलाय ते दाखव म्हणाले. मी पानं उलटीपालटी केली. त्या पोराला बॅटिंग आली नव्हती, त्याने बॉलिंग टाकली नव्हती, कॅचही घेतला नव्हता. त्याने फक्त मुरमावर तीनदा अंग टाकून तीन फोर अडवले होते आणि दोन्ही गुडघे सोलून घेतले होते. माझ्या स्कोअरबुकात त्याचं नाव यादीत होतं, पुढे कोरी जागा.

आजोबा फौजेत होते. १९७१ साली त्यांनी ट्रान्झिस्टरवर इंग्लंडमधली मॅच ऐकलेली. ते म्हणाले, आमचे कर्नल अधिकारी असेच होते. मी विचारलं, कोण अधिकारी? यावर त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी इथे लिहीत नाही. हॉस्टेलला परत आल्यावर लायब्ररीत बसलो, नेटवर शोधलं, जुने स्कोअरकार्ड काढून पाहिले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

हेमचंद्र रामचंद्र अधिकारी यांचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी पुण्यात झाला. म्हणजे माणूस आपल्याच जिल्ह्यातला! पण पुण्याचा असूनही त्यांचं क्रिकेट पुण्यात घडलं नाही. १९३६-३७ च्या मोसमात, वयाच्या सतराव्या वर्षी, ते गुजरातकडून प्रथम श्रेणीत उतरले आणि पुढच्याच वर्षी बडोद्याच्या संघात गेले. बडोदं म्हणजे त्या वेळचं गायकवाड सरकारचं संस्थान, अर्धं मराठी. तिथे क्रिकेटला राजाश्रय होता. सांगलीचे विजय हजारे पुढे तिथेच गेले. अधिकारी बडोद्याकडून बारा-तेरा वर्षं खेळले.

आता जरा हिशोब करूया. सतराव्या वर्षी रणजी खेळलेला मुलगा आजच्या काळात विशीत आयपीएलच्या लिलावात असता. अधिकारींना पहिली कसोटी मिळाली अठ्ठाविसाव्या वर्षी! मध्ये अकरा वर्षं गेली कुठे? तर दुसरं महायुद्ध. ऑगस्ट १९३६ नंतर भारताची पुढची कसोटी थेट जून १९४६ मध्ये झाली. खेळाडूच्या आयुष्यातली विशी ते पंचविशी ही सगळ्यात चांगली वर्षं, आणि नेमक्या त्याच काळात देशाकडे खेळायला एकही कसोटी नव्हती. युद्धाच्या काळात अधिकारी सैन्यात दाखल झाले. आडनाव अधिकारी, त्यात सैन्यात अधिकारी. हा पीजे मी टाळू शकलो नाही, माफ करा. निवृत्त होताना ते लेफ्टनंट कर्नल होते आणि क्रिकेटच्या जगात शेवटपर्यंत कर्नलच राहिले.

स्वातंत्र्य मिळून साडेतीन महिने झाले असताना, नोव्हेंबर १९४७ मध्ये, लाला अमरनाथ यांचा संघ ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला पहिली कसोटी खेळला. फाळणीने संघ आधीच मोडलेला. फजल महमूद निवडला गेला होता, तो पाकिस्तानात राहिला. विजय मर्चंट आलेच नाहीत. समोर डॉन ब्रॅडमन. अधिकारींचं पदार्पण याच कसोटीत झालं, आणि असं पदार्पण शत्रूलाही मिळू नये. ब्रॅडमनने १८५ काढले, मग पाऊस पडला, आणि त्या ओल्या खेळपट्टीवर भारताचे दोन डाव ५८ आणि ९८ मध्ये संपले. त्यातल्या पहिल्या डावात टोशॅक नावाच्या डावखुऱ्या गोलंदाजाने दोन धावांत पाच बळी घेतले होते. दोन धावा, पाच बळी! मी आधी छपाईची चूक समजलो होतो.

ती मालिका भारत ४-० अशी हरला. पण ॲडलेडच्या चौथ्या कसोटीतला एक तुकडा मला फार आवडला. ऑस्ट्रेलियाने ६७४ केलेले, भारतावर फॉलोऑन. हजारेंनी पहिल्या डावात ११६ आणि दुसऱ्यात १४५ काढले, हे सगळ्यांना माहीत आहे, क्विझमध्येही विचारतात. पण दुसऱ्या डावात समोरून लिंडवॉल एकेक दांडी उडवत असताना हजारेंच्या जोडीला १३२ धावा होईपर्यंत उभं कोण होतं? अधिकारी, ५१ धावा. भारत तरीही डावाने हरला. हजारेंचं नाव इतिहासात गेलं, आणि अधिकारी त्या वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहिले. त्यांचं हे पुढेही होत राहिलं.

१० नोव्हेंबर १९४८. दिल्लीच्या फिरोजशहा कोटलावर वेस्ट इंडिजविरुद्ध कसोटी सुरू झाली. स्वतंत्र भारतात झालेली ही पहिली कसोटी. पाहुण्यांनी ६३१ धावा कुटल्या, चौघांची शतकं. उत्तर देताना भारताच्या डावात शतक एकच झालं, आणि ते खाली येऊन हेमू अधिकारींनी काढलं. नाबाद ११४. म्हणजे स्वतंत्र झाल्यावर आपल्या भूमीवर भारतीयाने ठोकलेलं पहिलं कसोटी शतक! एवढा मोठा मान, आणि मला खात्री आहे की आपल्या कॉलेजच्या क्रिकेट टीममधल्या एकालाही हे सांगता येणार नाही. (मलाही येत नव्हतं.) ४५४ करूनही फॉलोऑन मिळाला, दुसऱ्या डावातही अधिकारी नाबाद राहिले आणि कसोटी वाचली. त्यांच्या कारकिर्दीतलं हे एकमेव कसोटी शतक.

याच कसोटीत केकी तारापोर नावाचा एक फिरकी गोलंदाज आपली पहिली आणि शेवटची कसोटी खेळला. हे नाव ध्यानात असू द्या, पुढे दोनदा लागणार आहे.

दुसरी दिल्ली १९५२ ची. भारत आणि पाकिस्तान यांच्यातली अगदी पहिली कसोटी, ऑक्टोबर महिना. भारताचे ९ बाद २६३. शेवटचा गडी गुलाम अहमद, ऑफस्पिनर. आपल्याकडे शेवटचा गडी आला की मुलं स्टंप गोळा करायला निघतात. पण या दोघांनी १०९ धावा जोडल्या. गुलाम अहमदनी ५०, अधिकारी नाबाद ८१. भारत ३७२ वर पोचला, विनू मांकडने सामन्यात १३ बळी घेतले आणि भारत एक डाव ७० धावांनी जिंकला. मांकडचे १३ बळी हीच त्या मॅचची ओळख झाली, आणि ते बरोबरच आहे. परंतु ७० धावांच्या फरकाशेजारी त्या १०९ ठेवून बघा. ती भागीदारी झाली नसती तर पाकिस्तानला दुसऱ्या डावात निदान सामना पुढे ढकलता आला असता. दहाव्या विकेटसाठी भारतातर्फे १०९ हा विक्रम झाला. तोही लक्षात ठेवा.

आता कव्हरबद्दल बोललंच पाहिजे, कारण ज्यांनी अधिकारींना पाहिलं त्यांच्या आठवणीत त्यांची बॅटिंग नंतर येते, फिल्डिंग आधी. बांध्याने ते बुटके, आणि उभे राहायचे कव्हरला. त्या काळात आपल्याकडे फिल्डिंग हे काम समजलं जायचं, खेळ नाही. संस्थानिक कॅप्टन असत, ते चेंडूमागे धावणार थोडेच! मैदानंही टणक. पँट पांढरी, धुणं स्वतःचं. अशा वेळेला कोणी चेंडूवर झोकून देतो म्हणजे लोकांना आधी तो घसरून पडला असंच वाटत असणार.

जरा आपल्या भाषेत सांगतो. फलंदाजाने कव्हर ड्राइव्ह ताशी १०० किलोमीटरने मारला, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. कव्हरचा फिल्डर २५ मीटरवर उभा. घर्षण सोडून द्या, परीक्षेत सोडतो तसंच. त्याच्याकडे वेळ आहे ०.९ सेकंद. एवढ्यात चेंडू कुठे येतोय ते ओळखायचं, दोन पावलं टाकायची, वाकायचं आणि अडवायचं. आणि हे सगळं दिवसभर, उन्हात, आपल्याकडे चेंडू येईलच याची शाश्वती नसताना. अडवला तर स्कोअरबुकात टिंब पडतं, आणि ते टिंबही गोलंदाजाच्या खात्यात!

अधिकारी एकूण २१ कसोटी खेळले. ८७२ धावा, सरासरी ३१.१४. अकरा वर्षांत एकवीस म्हणजे फारच कमी. कधी निवड समितीची मर्जी नाही, कधी सैन्याची ड्युटी. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यावर ते उपकर्णधार होते. फ्रेड ट्रूमनने भारताला पळता भुई थोडी केली तोच तो दौरा. तो इतका वाईट गेला की त्यावर जास्त लिहीत नाही.

त्यापेक्षा सर्व्हिसेसबद्दल लिहितो. बडोदं सोडून अधिकारी सैन्यदलाच्या संघाकडून रणजी खेळायला लागले. सर्व्हिसेसच्या संघात स्टार कोणी नसायचे. आज इथे, उद्या बदली होऊन कुठल्या तरी छावणीत, असे जवान आणि अधिकारी. या संघाला घेऊन हे १९५६-५७ आणि १९५७-५८ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजीच्या फायनलला गेले. एकदा मुंबईकडून हरले, एकदा त्यांच्याच जुन्या बडोद्याकडून. मला वाटतं त्यांच्यातला मॅनेजर इथेच तयार झाला. मुंबईकडे जे गुणी लोक होते ते यांच्याकडे नव्हते. मग यांच्या हातात उरलं काय? दमसास, शिस्त आणि फिल्डिंग. टॅलेंट देवाच्या हातात असतं, पण या तीन गोष्टी पहाटे उठून वाढवता येतात.

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडिज भारतात आलं तेव्हा आपल्या क्रिकेट मंडळाने जो तमाशा केला तो आपल्या जिमखाना कमिटीलाही जमणार नाही. पाच कसोटींना चार कर्णधार! पहिल्याला पॉली उम्रीगर, मग दोनदा गुलाम अहमद, त्यांनी निवृत्ती घेतली. चौथ्यासाठी पुन्हा उम्रीगर नेमले, तर संघात कोणाला घ्यायचं यावरून अध्यक्षांशी वाजलं आणि त्यांनी कसोटीच्या आदल्या दिवशी राजीनामा दिला. मद्रासला मांकड कर्णधार झाले. शेवटच्या दिल्ली कसोटीला कोण? ३९ वर्षांच्या कर्नलना बोलावलं. भारत तोवर ०-३ ने मागे होता आणि समोर वेस्ले हॉल व रॉय गिलख्रिस्ट यांची तोफ.

वेस्ट इंडिजने ८ बाद ६४४ वर डाव सोडला. त्यात अधिकारींनी स्वतः चेंडू हातात घेऊन ६८ धावांत तीन बळी काढले. आख्ख्या कसोटी कारकिर्दीतले त्यांचे बळी एवढेच, तीन. बॅटिंगला ६३ आणि ४० धावा. पुण्याच्याच चंदू बोर्डेंनी त्या सामन्यात १०९ आणि ९६ केल्या. मुंबईचा रमाकांत देसाई नावाचा मुलगा पहिलीच कसोटी खेळत होता, अंगाने किरकोळ, पण ४९ षटकं टाकून चार बळी घेऊन गेला. कसोटी अनिर्णित सुटली. चार कर्णधारांच्या त्या मोसमात पराभवांची रांग जिथे थांबली ती जागा म्हणजे दिल्ली, फेब्रुवारी १९५९. यानंतर हेमू अधिकारी पुन्हा कधी कसोटी खेळले नाहीत. कर्णधार म्हणून रेकॉर्ड: सामने एक, अनिर्णित एक.

असो. इथपर्यंत झाला खेळाडू. पण शेळगावच्या आजोबांनी ज्यांचं नाव घेतलं ते हे नव्हेत, ते पुढचे.

फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे सर्वेसर्वा. रविवारी रात्री हॉस्टेलच्या टीव्हीसमोर बसणाऱ्यांना फर्ग्युसन कोण हे सांगायला नको. संघ तो निवडतो, डावपेच त्याचे, नोकरी जाते तीही त्याची. क्रिकेटमध्ये त्या काळी मॅनेजर या शब्दाचा अर्थ वेगळाच होता. खेळाडूंचे पासपोर्ट सांभाळणारा, भत्ता वाटणारा, बॅगा मोजणारा आणि संध्याकाळच्या मेजवानीत भाषण करणारा गृहस्थ. कोच नावाचा वेगळा प्राणी दौऱ्यावर नसायचा. फिजिओ नाही, ट्रेनर नाही, फिल्डिंग कोच तर स्वप्नातही नाही. आज भारतीय संघासोबत या प्रत्येक कामाला वेगळा माणूस जातो.

१९७१ च्या सुरुवातीला अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडिजला जाऊन जिंकून आला. त्या दौऱ्याचे मॅनेजर होते केकी तारापोर, तेच, १९४८ च्या दिल्ली कसोटीतले. उन्हाळ्यात संघ इंग्लंडला निघाला, आता मॅनेजर कर्नल अधिकारी. म्हणजे त्या एका कसोटीत एकत्र खेळलेले दोघं जण त्या वर्षीच्या दोन्ही ऐतिहासिक दौऱ्यांचे मॅनेजर झाले! योगायोग म्हणा.

कर्नलसाहेब पासपोर्ट सांभाळत बसले नाहीत. त्यांनी संघाला पळवलं. वय ५२, पण स्वतः मैदानात उभे राहून कॅचवर कॅच देत, फिल्डिंगचा कसून सराव घेत. विशेषतः बॅटजवळच्या जागांचा. यामागे साधा हिशोब होता. आपल्याकडे बेदी, वेंकटराघवन आणि चंद्रशेखर होते, वेगवान गोलंदाज म्हणावा असा कोणी नव्हता. फिरकी गोलंदाज स्वतः विकेट घेत नाही, तो फक्त अर्धी विकेट तयार करतो. उरलेली अर्धी शॉर्ट लेगला आणि स्लिपमध्ये उभी असते. ती सुटली की सगळं फुकट.

शॉर्ट लेगला होता एकनाथ सोलकर. मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, त्याच मैदानाच्या कडेला एका खोलीत वाढलेला. डोक्याला हेल्मेट नाही, पायाला पॅड नाहीत, फलंदाजापासून हातभर अंतरावर. २७ कसोटींत ५३ झेल. सोलकरला अधिकारींनी घडवलं असं मी म्हणणार नाही, तो घडलेलाच होता. पण भारतीय संघात फिल्डिंग हीच एक कला आहे असं मानणारा मॅनेजर त्याला योग्य वेळी मिळाला.

लॉर्ड्सला भारताला १८३ हव्या होत्या, ८ बाद १४५ असताना पाऊस आला. मँचेस्टरला शेवटचा दिवस पावसाने धुऊन काढला, तिथे मात्र पाऊस आपल्या बाजूने होता. मग ओव्हल. इंग्लंड त्याआधी सलग २६ कसोटी हरलेलं नव्हतं. त्यांचे ३५५, आपले २८४. म्हणजे ७१ ने मागे. आणि सोमवारी २३ ऑगस्टला ते घडलं. चंद्रशेखर, ज्याचा उजवा हात लहानपणीच्या पोलिओने बारीक झालेला, त्याने ३८ धावांत ६ बळी घेतले. इंग्लंड १०१ सर्वबाद. त्यात पहिली विकेट पडली ती रनआऊट, फलंदाजाचा ड्राइव्ह चंद्राच्याच हाताला लागून पलीकडच्या स्टंपवर गेला आणि जेम्सन क्रीजबाहेर. आणि ॲलन नॉटचा कॅच! वेंकटच्या चेंडूवर सोलकरने पुढे झेपावून जमिनीपासून बोटभर उंचीवर तो उचलला. त्याचा फोटो तुम्ही पाहिला असेल. सोलकर आडवा, छाती जमिनीला टेकायच्या बेतात, चेंडू हातात, नॉट मागे वळून बघतोय. मी त्या फोटोकडे बघितलं की मला त्यात फोटोबाहेर पॅव्हेलियनमध्ये बसलेला एक ५२ वर्षांचा बुटका माणूस दिसतो. स्कोअरकार्डवर छापलंय, कॉट सोलकर बोल्ड वेंकटराघवन. तिसऱ्या नावाला तिथे जागा नसते.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, गणेश चतुर्थी होती. लंडनमधल्या भारतीयांनी चेसिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानात फिरवली. अबिद अलीच्या चौकाराने भारताने चार विकेटने सामना जिंकला. इंग्लंडच्या भूमीवर पहिला कसोटी विजय आणि पहिली मालिका. शेळगावच्या आजोबांनी छावणीत ट्रान्झिस्टरवर ऐकली ती हीच मॅच. सैन्यातल्या माणसाचा संघ जिंकला म्हणून त्यांच्या बराकीत वेगळाच आनंद होता, असं ते सांगतात. मुंबईत संघाची मिरवणूक निघाली. इंदूरला तर विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भली मोठी बॅट उभारली.

इथे लेख संपवला असता तर छान झालं असतं. पण तीन वर्षांनी, १९७४ मध्ये, तोच कर्णधार, तोच मॅनेजर आणि बराचसा तोच संघ पुन्हा इंग्लंडला गेला.

आणि ३-० ने हरला. उन्हाळ्याची सुरुवात, गार हवा, ओल्या खेळपट्ट्या, इंग्लंडचे वेगवान गोलंदाज. लॉर्ड्सला इंग्लंडच्या ६२९ पुढे दुसऱ्या डावात भारत ४२ सर्वबाद! सतरा षटकांत खेळ खलास. दोन आकडी धावा एकट्या सोलकरच्या, नाबाद १८. मैदानाबाहेर तर याहून वाईट. लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तांच्या घरी मेजवानीला संघ उशिरा पोचला आणि त्यांना दारातूनच जायला सांगण्यात आलं. एका खेळाडूवर दुकानातून मोजे उचलल्याचा आरोप झाला. प्रकरण लवकर मिटावं म्हणून गुन्हा कबूल कर, असा सल्ला त्याला मिळाला. त्याने कबूल केलं, दंड भरला, आणि मी निर्दोष आहे हे नंतर आयुष्यभर सांगत राहिला. संघात गट पडल्याच्या बातम्या आल्या.

मी यावर बराच विचार केला. शिस्तीचा माणूस मॅनेजर असताना हे कसं झालं? मला असं वाटतं की फौजेची शिस्त जिंकणाऱ्या संघाला बळ देते, हरणाऱ्या संघाला मात्र आणखी काहीतरी लागतं. विशीतला पोरगा परक्या देशात कोर्टात उभा राहतो तेव्हा त्याला कर्नल नको असतो, त्याच्या बाजूने भांडणारा थोरला माणूस हवा असतो. मॅनेजरने त्याच्यासाठी भांडायला हवं होतं. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण एव्हाना मी अधिकारींचा फॅन झालो आहे, परंतु लिहिल्याशिवाय राहवत नाही. इंदूरच्या त्या बॅटला लोकांनी डांबर फासलं. वाडेकरांची कारकीर्द तिथेच संपली. ज्या जागेवर उभं राहिलं की यशात नाव येत नाही, त्याच जागेवर अपयशात मात्र जबाबदारी येते, हा मॅनेजरच्या नोकरीतला अन्याय म्हणा किंवा नियम म्हणा.

कर्नल तरीही मैदानातून गेले नाहीत, फक्त मोठ्या मैदानातून छोट्या मैदानात आले. मुलांची कोचिंग शिबिरं घेऊ लागले. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात अशाच एका शिबिराला चंदीगडचा एक उंच मुलगा आला होता. दोन कोरड्या पोळ्या आणि भाजी असं जेवण मिळालं म्हणून त्याने तक्रार केली, मी फास्ट बॉलर आहे, मला जास्त खायला लागतं. (आपल्या मेसमध्ये ही तक्रार आठवड्यातून दोनदा होते, पण आपल्यात फास्ट बॉलर कोणी नाही.) भारतात फास्ट बॉलर नसतात, असं म्हणून त्या मुलाला हसून वाटेला लावणारे गृहस्थ होते केकी तारापोर! मुलाचं नाव कपिल देव. तो अपमान त्याच्या मनात घर करून बसला आणि पुढे काय झालं ते सांगायला नको. पण त्याच शिबिरात घाम काढणारा कोच होता हेमू अधिकारी. कपिलच्या पिढीतले खेळाडू त्यांचं नाव घेतात ते कडक मास्तर म्हणूनच. जेवणावरून झालेला किस्सा सगळ्या पुस्तकांत सापडतो. सकाळचा सराव कोणी घेतला हे एखाद्या ओळीत येतं, शोधावं लागतं.

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांच्या साडेआठ हजारांहून जास्त धावा आणि १७ शतकं आहेत. शेवटची वर्षं मुंबईत गेली. २५ ऑक्टोबर २००३ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, ते मुंबईतच वारले.

दहाव्या विकेटचा १०९ धावांचा विक्रम तोवर तसाच होता. एक्कावन्न वर्षं. पुढच्या वर्षी, डिसेंबर २००४ मध्ये, ढाक्याला सचिन तेंडुलकर आणि झहीर खान यांनी १३३ जोडल्या आणि तो मोडला.